कर्मवीर भाऊराव पाटील : वंचित बालकांचे पालक

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या आदर्श जैन व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. शेठ जगडूशांपासून ते विद्यमान दानशूरांपर्यंत अनेक नावे डोळ्यांसमोरून गेली. ती चरित्रे आपल्या व्याख्यानांतून व स्मरणिकांतून वारंवार सांगितली गेली आहेत. मला मात्र असे एक नाव आठवले, जे आपण शाळेच्या पाठ्यपुस्तकात वाचले, पण उपाश्रयात किंवा मंदिरात क्वचितच ऐकले. ते नाव कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील यांचे. दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर जैन शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आपली बहुतेक घराणी गुजरात-राजस्थानातून व्यापारानिमित्त या मावळ खोऱ्यात आलेली. त्यामुळे कदाचित आपल्याला ते आपले वाटले नसावेत. भोरहून पूर्वेकडे निघून शिरवळला नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि तेथपासून पुढे गावोगाव या जैन पुरुषाच्या कार्याच्या खुणा दिसू लागतात.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे, आजोळी झाला. बाहुबलीच्या तीर्थक्षेत्रामुळे कुंभोजचे नाव समस्त जैनांना ठाऊक आहे. त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते, आई गंगाबाई धर्मपरायण होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे शिक्षण दहिवडी, विटे अशा निरनिराळ्या गावी झाले. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीचे पाणी भरू देत नाहीत, हे पाहून या मुलाने विहिरीवरील रहाट मोडून टाकल्याची हकिगत त्यांच्या सर्व चरित्रकारांनी नोंदविली आहे. शाळेच्या बाहेर बसून आतला धडा ऐकणारा ज्ञानदेव घोलप नावाचा मुलगा त्यांना दिसला. त्याला त्यांनी घरी आणले, जेवू घातले आणि पुढे कोल्हापूरच्या वसतिगृहात नेऊन पोचविले. हेच घोलप पुढे मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले आणि काही काळ त्यांनी मूकनायक पत्राचे संपादनही केले. भाऊरावांच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचे बीज या एका प्रसंगात दिसते. मूल संकटात दिसले की ते त्याच्याबद्दल अर्ज करीत बसत नसत. त्याला हाताला धरून जेवण, अंथरूण आणि शाळा असलेल्या जागी नेत असत.

आता एक प्रसंग सांगावयाचा आहे. तो आपल्या समाजाला फारसा सुखावणारा नाही, म्हणून तो गाळावा काय, असा विचार मनात आला होता. परंतु तो गाळला तर चरित्र अपुरे राहील.

इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले आणि तेथील दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने प्रत्येक समाजाने आपापली वसतिगृहे उभारावीत, असा तो काळ होता. जैन बोर्डिंग १९०१ साली निघाले. त्याचे सूत्रधार अण्णासाहेब लठ्ठे हे एम. ए. झालेले, विद्वान व सुधारक गृहस्थ. पुढे त्यांनी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि १९३७ च्या मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. म्हणजे माणूस सामान्य नव्हता. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव आवर्जून उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात प्रवेश करावा, असा नियम त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला. त्याची परिणती बोर्डिंगमधून काढून टाकण्यात झाली. आपल्या समाजाने प्रेमाने उभारलेल्या वसतिगृहातून, माणसाला शिवल्याच्या कारणावरून, आपल्याच समाजाचा एक मुलगा बाहेर पडला. त्याने पुढे अठरापगड जातींच्या मुलांसाठी अडतीस वसतिगृहे काढली.

शाळेतील प्रगती बेताचीच होती. गणित कच्चे होते. शाहू महाराजांनी शब्द टाकूनही गणिताच्या मास्तरांनी त्यांना वरच्या वर्गात चढविले नाही आणि मॅट्रिकपर्यंतही मजल गेली नाही. हिशेबात नापास झालेल्या या गृहस्थाने पुढे शेकडो शाळांचा पसारा लोकवर्गणीतून चालविला. मी स्वतः वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मला या गोष्टीचे विशेष वाटते. जमाखर्च कागदावर मांडता येणे आणि प्रत्यक्षात तोंडमिळवणी करता येणे, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत.

याच लठ्ठ्यांच्या संदर्भात भाऊरावांची दुसरी कसोटी १९१४ साली लागली. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले. त्या प्रकरणात लठ्ठ्यांना गुंतविण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव आला. ज्यांच्या बोर्डिंगमधून आपल्याला जावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. पोलिसांचा मार खाल्ला, कोठडी भोगली. त्या यातनांत जीव देण्याचाही प्रयत्न त्यांच्या हातून झाला, पण असत्य बोलले नाहीत. क्षमा आणि सत्य ही दोन व्रते आपण पर्युषणात उच्चारतो. त्यांचे याहून रोखठोक आचरण मला तरी आठवत नाही.

उदरनिर्वाहासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगले यांच्या काचकारखान्याचे व किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडले, पुढे कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत वाटा उचलला. विक्रेत्याचा धंदा माणसाला पुष्कळ शिकवितो. नांगर विकण्यासाठी गावात गेलेल्या माणसाला गावची शेते दिसतात, कर्ज दिसते आणि शाळेच्या वेळेला गुरांमागे फिरणारी मुलेही दिसतात. १९१० मध्येच मित्रांच्या साहाय्याने दूधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढून त्यांनी पहिला प्रयोग केला होता. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आणि अवर्षण एकदम आले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली तापाची साथ ती हीच. घरेच्या घरे ओस पडली आणि असंख्य मुले पोरकी झाली. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले, नेर्ले येथे वसतिगृहे निघाली आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे सातारा येथे हलले.

१९२४ हे साल दुसऱ्या एका कारणासाठीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मुलांविषयीचा कायदा झाला. निराधार, भीक मागणाऱ्या, छळ होणाऱ्या किंवा गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना तुरुंगात प्रौढांबरोबर न ठेवता वेगळ्या जागी ठेवावे, त्यांची वेगळी न्यायालये असावीत, असे सरकारने प्रथमच मानले. आपण ज्याला रिमांड होम म्हणत आलो, ती व्यवस्था त्यातून आली. १९२९ मध्ये बालविवाहास प्रतिबंध करणारा शारदा कायदा आला. कोल्हापूर संस्थानात तर शाहू महाराजांनी १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. म्हणजे मुलांचे रक्षण हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, हा विचार त्या दहा-बारा वर्षांत आपल्या प्रदेशात रुजला. परंतु कायद्याचा हात मोठ्या शहरांपलीकडे पोचण्यास फार काळ लागला. डोंगरातल्या वाडीवर ना न्यायालय होते, ना रिमांड होम. त्या मुलांच्या वाट्याला १९२४ साली जे आले ते साताऱ्यातील भाऊरावांचे घर.

हे घर लक्ष्मीबाईंचे होते, असे म्हणणे अधिक योग्य. भाऊरावांच्या या सहधर्मचारिणी कर्मठ जैन संस्कारात वाढलेल्या. सोवळेओवळे, पाणी गाळणे, कांदा-लसूण वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी भोजन या वातावरणातून आलेल्या स्त्रीच्या चुलीभोवती एक दिवस महार, मांग, मराठा, मुसलमान, रामोशी, जैन अशी सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसली. आपल्या घरातील माताभगिनींनी क्षणभर स्वतःला त्या जागी कल्पून पाहावे. पतीच्या ध्येयासाठी त्यांनी प्रथम हे सहन केले असेल. पुढे त्या स्वतःच त्या मुलांच्या आई झाल्या. बोर्डिंगात धान्य संपले की एकेक दागिना सराफाकडे जाई. अखेर अंगावर मंगळसूत्र तेवढे उरले, आणि मुले उपाशी राहण्याची वेळ आली तेव्हा तेही गेले. सौभाग्यलेणे विकून परक्याच्या मुलांना जेवू घालणाऱ्या या साध्वीचे १९३० साली निधन झाले. आपल्याकडे तपस्या करणाऱ्यांच्या मिरवणुका निघतात, आणि त्या निघाव्यातच. पण लक्ष्मीबाईंचे हे तप कोणत्या पारण्याने सुटले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

साताऱ्याच्या या वसतिगृहास १९२७ मध्ये महात्मा गांधींनी भेट दिली आणि त्यांच्याच हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात, हे पाहून गांधीजींनी साबरमतीत आपल्याला न साधलेली गोष्ट येथे साधल्याची कबुली दिली, असे सांगितले जाते. १९३२ साली पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले.

ही वसतिगृहे चालत कशी, हे आपण व्यापारी मंडळींनी समजून घेण्यासारखे आहे. मोठा देणगीदार नव्हता. घरोघरी दररोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावयाचे आणि ते बोर्डिंगला द्यावयाचे, अशी मुष्टिफंडाची पद्धत होती. मुले शाळेच्या वेळेपूर्वी व नंतर काम करीत. शेत नांगरीत, पाणी ओढीत, दगड फोडीत, स्वतःच्या राहण्याच्या इमारतीही बांधीत. स्वयंपाकही पाळीपाळीने मुलेच करीत. १९४० साली साताऱ्यात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाने निवासी व मोफत हायस्कूल निघाले ते याच, कमवा आणि शिका या तत्त्वावर. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे शाहू बोर्डिंगातूनच शिकून विलायतेला गेले, परत येऊन त्यांनी संस्थेच्याच कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले व पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

मुलांकडून काम करून घेणे, हे आजच्या कायद्याच्या दृष्टीने खटकणारे आहे. याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हा विषय आपल्या पेढ्यांशी व दुकानांशी निगडित आहे.

माझ्या वडिलांच्या काळात, १९७८ च्या सुमारास, आमच्या कापड दुकानात वेल्ह्याकडचा एक मुलगा होता. त्याच्या घरची शेती धरणाच्या पाण्याखाली गेली होती आणि बाप दुसऱ्याच्या बांधावर राबत होता. मुलगा अकरा-बारा वर्षांचा असेल. सकाळी दुकान झाडावे, गादीवर पांढरी चादर घालावी, गिऱ्हाईकाने पसरून टाकलेले तागे पुन्हा गुंडाळून फळीवर लावावेत, चहा आणावा, रात्री दुकानातच झोपावे, असा त्याचा दिनक्रम असे. दोन वेळचे जेवण आमच्या घरून जाई आणि दिवाळीला नवा सदरा-चड्डी मिळे. आम्ही त्याला मारझोड केली नाही, उपाशी ठेवले नाही. त्यामुळे आम्ही पुण्यकर्मच करीत आहोत, अशी घरात सर्वांची प्रामाणिक समजूत होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. शॉप ॲक्टनुसार लहान मुलाला दुकानात कामास ठेवण्यास बंदी होती, हे मला पुस्तकातून माहीत होते. तपासणीस साहेब आले की त्या मुलाला पोटमाळ्यावर पाठवावयाचे, हे काम माझ्याकडेच असे. एकदा वडिलांना कोणीतरी दंडाची भीती घातली. त्यांनी दोन महिन्यांचा पगार व सदऱ्याचे कापड देऊन मुलाला त्याच्या बापाबरोबर गावी लावून दिले. कायद्याचे पालन झाले. तो मुलगा त्यानंतर कोठे गेला, शाळेत गेला की वीटभट्टीवर, याची चौकशी आमच्या घरातून कोणीही केली नाही. मीही केली नाही. आज मी साठी ओलांडली आहे आणि जून महिन्यात शाळेच्या गणवेशाचे कापड फाडताना त्या मुलाची आठवण हटकून येते.

आमच्या दुकानातले काम आणि भाऊरावांच्या बोर्डिंगातले काम यांत जो फरक आहे, तो मला फार उशिरा कळला. बोर्डिंगातला मुलगा दगड फोडी, पण त्या दगडाची भिंत त्याच्याच शाळेची होई आणि घंटा वाजली की हातातली पहार ठेवून तो वर्गात जाई. आमच्याकडील मुलाच्या कामातून आमचा गल्ला भरे आणि त्याच्यासाठी कोणतीही घंटा वाजत नसे. असे असले तरी अकरा वर्षांच्या मुलांकडून दगड फोडून घेण्याची परवानगी आजच्या काळात कोणी देणार नाही, आणि देऊही नये. भाऊरावांपुढे त्या मुलांसाठी दुसरा मार्गच नव्हता. आज तो आहे.

सरकारशी त्यांचे नाते कसे होते, हेही पाहण्यासारखे आहे. १९३७ मध्ये प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि खेड्यांतून खासगी संस्थांनी शाळा काढाव्यात, त्यांना अनुदान मिळावे, असे धोरण पुढे आले. भाऊरावांनी ही संधी साधली. जेथे शाळा नाही, अशा वाड्यावस्त्यांवर देवळात, चावडीत, कोणाच्या ओसरीवर व्हॉलंटरी शाळा निघाल्या. शिक्षक हवेत म्हणून १९३५ मध्येच साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढून ठेवले होते. अशा ५७८ शाळा उभ्या राहिल्या. एका संस्थेने काढलेल्या या शाळांकडे पाहिले म्हणजे सरकारने पैसा द्यावा आणि समाजाने माणूस द्यावा, ही त्यांची कल्पना ध्यानात येते. दोहोंपैकी एकाने हात आखडला की मूल उघड्यावर पडते, हे त्यांनी अनुभवले होते. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी सत्ताधाऱ्यांवर परखड टीका केली आणि रयतचे सरकारी अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचे पगार अडले, वसतिगृहांतील चुली विझण्याची वेळ आली. भाऊराव शब्द मागे घेणाऱ्यांपैकी नव्हते. अखेर संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापुढे मुलांची बाजू मांडली आणि अनुदान पूर्ववत झाले. हातात खराटा घेऊन हिंडणाऱ्या एका फकिराने सरकारी तिजोरीचे कुलूप उघडले! कऱ्हाडला १९५४ साली निघालेल्या कॉलेजास भाऊरावांनी त्यांचेच नाव दिले.

१९५९ च्या प्रारंभी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या कर्मवीरांना डी. लिट्. ही पदवी अर्पण केली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागे ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, ६ अध्यापक विद्यालये, १०८ हायस्कूल आणि ३ महाविद्यालये, असा हिशेब सांगितला जातो. स्वतःच्या नावावर घर वा ठेव नव्हती.

ते मंदिरात किती जात, सामायिक-प्रतिक्रमण किती करीत, असा प्रश्न आपल्यापैकी काही ज्येष्ठ विचारतील. सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता आणि कर्मकांडाविषयी त्यांची मते कठोर होती. हे मान्य करूनही मला असे वाटते की, आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान ही जी चार दाने आपल्या शास्त्रांनी सांगितली, ती चारही त्यांच्या बोर्डिंगात एकाच छपराखाली नित्य घडत होती.

आता आपल्या भोर-वेल्ह्याकडे वळतो. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, त्याआधीपासून या खोऱ्यात भाटघरचे धरण झाले होते. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणे झाली. त्या पाण्याने खालचा मुलूख हिरवा केला, परंतु वरच्या वाड्या विखुरल्या. रायरेश्वराच्या पठारावर, राजगड-तोरण्याच्या कुशीत, मढेघाटाकडे चार-सहा घरांच्या वस्त्या आहेत. तेथील धनगर, कातकरी व छोट्या शेतकऱ्यांच्या घरची मुले आईबापांबरोबर वीटभट्टीवर वा मजुरीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परत येतात. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचे नाव असते.

सरकारने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७५ पासून अंगणवाड्या, १९९५ पासून शाळेतील पोषण आहार, १९८६ चा बालमजुरी कायदा व २०१६ ची त्यातील कडक दुरुस्ती, २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा, बालकांची काळजी व संरक्षण यासंबंधीचे २००० व २०१५ चे कायदे, त्यांतून आलेल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील बालकल्याण समित्या, संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक, अशी ही मोठी यादी आहे. बालसंगोपन योजनेतून आई किंवा वडील गमावलेल्या मुलांना दरमहा मदत मिळते. तिची रक्कम २०२३ मध्ये २२५० रुपये करण्यात आली. आपल्या गिऱ्हाइकांपैकी, आपल्या दुकानातील नोकरांपैकी कितीतरी विधवा भगिनींना ही योजना ठाऊक नसते. त्यांना अर्ज भरून देण्याचे काम आपल्या युवक मंडळाने अंगावर घेतले, तर त्यास एक पैसाही खर्च येणार नाही.

शाळांचा प्रश्न नाजूक आहे. वेल्हे तालुक्यात पानशेत येथे आसपासच्या कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्यात आली आणि २०२३ मध्ये शासनाने तिचे उदाहरण राज्यापुढे ठेवले. एका वर्गात दोन मुले आणि चार इयत्तांना एक शिक्षक, यापेक्षा चांगली इमारत, पुरेसे शिक्षक व गाडीची सोय हे निश्चितच बरे. परंतु भाऊरावांनी शाळा मुलाच्या उंबऱ्यापाशी नेली होती आणि आता मुलाला शाळेपाशी न्यावे लागते. श्रावणातल्या पावसात दरड कोसळून गाडी बंद पडली, किंवा आईबाप सहा महिने भट्टीवर गेले, तर त्या मुलाने कोठे राहावे? याचे उत्तर गाडीत नसून गावात राहण्याच्या सोयीत आहे.

आपल्या धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावरील चार खोल्या चातुर्मास सोडून वर्षभर बंद असतात. भोजनशाळेचे स्वयंपाकघर तयार आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून त्या खोल्यांत संगमरवर बसवावा, असा एक प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. वरच्या वाड्यांतील शाळकरी मुलांसाठी तेथे वसतिगृह करावे, असा दुसरा प्रस्ताव मी लेखी दिला आहे. आपण लंगड्या गाईसाठी पांजरापोळ काढतो आणि तेथे तिची जात वा मालक विचारीत नाही. मुलांच्या बाबतीत कायद्याची पथ्ये पाळावी लागतील. अनाथ वा निराधार बालकाला कोणालाही परस्पर ठेवून घेता येत नाही. त्यासाठी संस्थेची नोंदणी आणि बालकल्याण समितीचा आदेश लागतो. पालकांच्या संमतीने राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहापासून आरंभ केला, तर ते आपल्या आवाक्यातले आहे. खर्चाचा अंदाज मी काढला आहे. वीस मुलांचे धान्य, दूध, वीज, एक गृहपाल व एक स्वयंपाकीण धरून होणारी वार्षिक रक्कम संगमरवराच्या दरपत्रकाहून कमी आहे.

खरी अडचण पैशाची नाहीच. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी केलेल्या ट्रस्ट डीडमध्ये निवासाची सोय केवळ जैन विद्यार्थ्यांपुरती मर्यादित ठेवली आहे. वेल्ह्याच्या डोंगरात जैन मुले नाहीत. तेव्हा एकतर ते कलम तसेच ठेवून खोल्या बंद ठेवावयाच्या, किंवा कलम बदलावयाचे. बदलासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव व धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आवश्यक आहे. सभा पर्युषणानंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे आणि हा विषय कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर आहे. ठरावाचा मसुदा व खर्चाचा तक्ता माझ्या दुकानी ठेवलेला आहे. ज्यांना तो आधी वाचावयाचा असेल, अथवा ज्यांचा त्यास विरोध असेल, त्यांनी दुपारी दोन ते चार या वेळेत अवश्य यावे. त्या वेळेत गिऱ्हाईक कमी असते.